हुरड्याची ज्वारी, भाकरीची ज्वारी आणि कॉफी

आमच्या सुलतानपूरला घरी कोणी आले म्हणजे चहा, आणि येणारा विशेष मानाचा असला म्हणजे कॉफी, असा रिवाज आहे. ही कॉफी म्हणजे दुधात साखर आणि कॉफीची पूड घालून उकळी आणायची व उतरवताना वर थोडे जायफळ किसायचे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत मी कॉफीचे याहून निराळे रूप पाहिले नव्हते. नाही म्हणायला, लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात फुसफुस आवाज करणारे चकचकीत यंत्र असते, त्यातून फेसाळ कॉफी मिळते, वर चॉकलेटची भुकटी भुरभुरलेली असते आणि तिला सगळे ‘एक्स्प्रेसो’ म्हणतात, एवढे ठाऊक होते.

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ पुण्याहून आला. तो तेथे एका कॉफीच्या दुकानात कामाला आहे. चार पैसे साठवून गावी परतावे आणि स्टँडजवळ स्वतःचे लहानसे दुकान टाकावे, असे त्याच्या मनात आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना हे पटवावे म्हणून त्याने येताना कॉफीच्या भाजक्या बियांच्या दोन पिशव्या, एक हातचक्की, एक चिनी मातीचे नरसाळे आणि गाळायचे कागद आणले होते. एका पिशवीतल्या बिया फिकट दालचिनी रंगाच्या होत्या. दुसरीतल्या काळपट आणि तेलाने किंचित तुकतुकीत. दुपारी दादा बाहेर गेलेला, आणि नेमके तेव्हाच बाबांचे दोन स्नेही आले. मी विचार केला, काळी ती कडक आणि कडक ती चांगली. काळ्या बिया दळल्या, कागदात घातल्या, वरून खळखळते पाणी ओतले आणि ट्रे घेऊन बाहेर गेले. बाबांनी एक घोट घेतला आणि विचारले, “काही जळाले का गं?” स्नेह्यांपैकी एक जण म्हणाले, “ह्याचे दुकान टाकणार आहे होय तो?” सगळे हसले. दादाच्या दुकानाचा निकाल माझ्या हातच्या एका कपाने लागू पाहत होता.

दादा परत आल्यावर मी त्यालाच म्हटले, “तुझी कॉफी खराब निघाली.” त्याने पिशवी पाहिली आणि शांतपणे म्हणाला, “बी चांगली आहे. तू हुरड्याच्या ज्वारीची भाकरी केलीस.”

हे एक वाक्य मला पुरेसे झाले. आपल्याकडे कोणालाही विचारा: हुरड्याला गूळभेंडी हवी, भाकरीला मालदांडी हवी. एकीचे कोवळे दाणे गोड आणि भाजून सुटे होणारे. दुसरीच्या पिठाची भाकरी पांढरी आणि चवदार. यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच गैरलागू आहे. कॉफीच्या बियांचेही असेच आहे. त्या दिवाळीत दादाकडून जे शिकले आणि नंतर वाचून जे पडताळले, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रथम बीविषयी. कॉफीचे फळ साधारण करवंदाएवढे असते, पिकले की लाल होते, आणि त्यात बहुधा दोन बिया असतात. व्यापारात दोन मुख्य जाती आहेत. ॲरेबिका थंड आणि उंच जागी, साधारण १,००० मीटरच्या वर चांगली येते; तिला आंबटगोड, सुवासिक चव असते. रोबस्टा खालच्या, उष्ण भागातही वाढते, रोगाला सहसा दबत नाही. तिच्यात कॅफीन ॲरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते आणि चव कडू व भरीव. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के रोबस्टा असते, आणि कर्नाटकाचा वाटा सर्वांत मोठा. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी संताने येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी परंपरा आहे. आपल्या वऱ्हाडालाही कॉफी अगदी परकी नाही. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रात कॉफी म्हटली की त्याचेच नाव घेतले जाते. इंग्रजी अमदानीत तेथे ही झाडे लागली.

मग इतकी वर्षे आपल्याला बी निवडण्याचा प्रश्न का पडला नाही? त्याला कारण आहे. १९४२ च्या कायद्याने कॉफी मंडळ स्थापन झाले आणि मळेवाल्यांना आपला माल मंडळाच्या सामाईक साठ्यात घालावा लागे. कोणत्या डोंगरावरची कॉफी आपण पितो हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्गच नव्हता. १९९० नंतरच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने उठले. तेव्हापासून मळ्याचे नाव, जात आणि भाजणी पिशवीवर छापून येऊ लागली. निवडीचे स्वातंत्र्य आले, तशी चुकण्याची सोयही झाली.

आता भाजणीविषयी. कच्ची बी हिरवट असते आणि तिला कॉफीचा वासही नसतो. भाजताना साधारण १९५ ते २०० अंश सेल्सिअसच्या सुमारास ती लाह्यांसारखी तडतडते. ही पहिली तड. तिच्यानंतर लवकर उतरवली तर फिकट भाजणी होते आणि बीचा मूळचा आंबटगोडपणा राहतो. आणखी भाजत गेले की आंबटपणा कमी होतो, खरपूसपणा व कडवटपणा वाढतो. दुसरी तड ऐकू येते, तेव्हा बी काळपट होऊन तेल सोडू लागते. काळ्या बीतून अर्कही लवकर सुटतो. शेंगदाणे भाजणाऱ्या प्रत्येकीला हा हिशेब माहीत आहे: एक क्षण कच्चे, एक क्षण खमंग, आणि पुढच्या क्षणी जळके.

यानंतर कृतीकडे वळू. पाणी कॉफीला भेटते तेव्हा आधी आंबट द्रव्ये सुटतात, मग गोडवा येतो आणि शेवटी कडवटपणा. किती दाबाने, किती वेळ आणि किती बारीक पुडीतून पाणी जाते, यावर पेल्यात काय उतरणार ते ठरते.

एस्प्रेसोत गरम पाणी हवेच्या दाबाच्या सुमारे नऊ पट दाबाने अतिशय बारीक पुडीतून ढकलतात. साधारण १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी, म्हणजे जेमतेम दोन-तीन घोट. मिलानच्या लुईजी बेझेरा याने १९०१ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. आज दिसते ती दाट साय मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जा याच्या दट्ट्याच्या यंत्रामुळे आली. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. आपल्या मांडवातला ‘एक्स्प्रेसो’ हा एस्प्रेसो नव्हे. त्यात वाफेचा उपयोग दूध तापवून फेस आणण्यासाठी होतो. कॉफी असते ती विरघळणारी तयार पूड. चव आवडत असेल तर जरूर प्यावी, पण नाव मात्र उसने आहे.

एस्प्रेसो ही गाळलेल्या कॉफीहून सहा-सात पट दाट असते. म्हणून बीचा जो गुण असेल तो तितक्याच पटीने जिभेवर येतो. फिकट भाजलेल्या बीचा आंबटपणा, जो मोठ्या पेल्यात संत्र्यासारखा वाटतो, तो येथे कच्च्या कैरीसारखा दात आंबवतो. म्हणून एस्प्रेसोसाठी सर्वसाधारणपणे मध्यम ते गडद भाजणी आणि भरीव चवीची बी घ्यावी. इटलीत ॲरेबिकात थोडी रोबस्टा मिसळण्याची जुनी चाल आहे, कारण रोबस्टाने वरची साय दाट होते आणि दुधातही चव हरवत नाही. रोबस्टाला सरसकट हलकी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पोअर-ओव्हर म्हणजे वरून पाणी ओतून, कागदातून गाळलेली कॉफी. येथे दाब नाही, फक्त गुरुत्वाकर्षण. १५ ग्रॅम जाडसर पूड आणि सुमारे २४० मिलिलिटर पाणी. वेळ तीन मिनिटांच्या आसपास. या पद्धतीचा आरंभ मोठा गमतीदार आहे. १९०८ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने तळाशी भोके पाडलेल्या पितळी भांड्यात मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद घालून कॉफी गाळली आणि त्या युक्तीचे पेटंट घेतले. कागद तेल आणि बारीक गाळ अडवतो. पेल्यात उतरते ते नितळ, पातळ आणि सुगंधी. येथे लपायला जागा नाही. म्हणून उंचावरची, धुऊन वाळवलेली, फिकट ते मध्यम भाजलेली ॲरेबिका, तीही शक्यतो एकाच मळ्याची, या पद्धतीला शोभते. गडद बी घातली, वर माझ्यासारखे खळखळते पाणी ओतले, की कडवट राखेची चव येणारच. फिकट बीला उकळी नुकतीच शमलेले पाणी चालते, गडद बीला मात्र त्याहून थोडे निवलेले द्यावे.

खरेदीच्या वेळी काय पाहावे? पहिले, भाजल्याची तारीख. मुदत संपण्याची तारीख फारसे काही सांगत नाही. भाजल्यावर बीतून काही दिवस वायू निघत असतो. एस्प्रेसोसाठी आठवडाभर थांबलेली बी बरी, आणि महिना-दीड महिन्यात पिशवी संपवावी. दुसरे, पूड न घेता अख्ख्या बिया घ्याव्या आणि लागतील तशा दळाव्या. तिसरे, पिशवीवरच्या ‘प्लांटेशन ए’ किंवा ‘एए’ या अक्षरांनी भुलू नये. भारतीय व्यापारात ‘प्लांटेशन’ म्हणजे धुतलेली ॲरेबिका, ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली, आणि पुढची अक्षरे दाण्याचा आकार सांगतात. टपोरा दाणा म्हणजे उत्तम चव असे नव्हे. चौथे, पूडच घेणे भाग पडले तर चिकोरी आहे का ते पाहावे. ग्लासभर थंड पाण्यावर चिमूटभर पूड टाकावी. कॉफी काही वेळ तरंगते, चिकोरी मात्र पाण्यात रंगाच्या रेघा सोडत खाली जाते. हा प्रयोग करायला विज्ञान शाखेत जावे लागत नाही.

पाण्याचेही विसरू नये. आपल्या जिल्ह्याचा उत्तरेकडचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो, आणि लोणारच्या सरोवराचे खारे पाणी तर जगप्रसिद्ध आहे. जड पाण्यात कॉफीचा नाजूक आंबटगोडपणा मरतो आणि यंत्रात क्षार साचतो. महागड्या बिया आणून त्यांवर बोअरचे जड पाणी ओतणे म्हणजे पैसे फुकट घालवणे होय. गाळलेले, साधे गोडे पाणी घ्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिकट बिया जाडसर दळल्या, विहिरीचे पाणी गाळून उकळले, थोडे थांबले, आणि दादाने दाखविल्याप्रमाणे हळूहळू गोल ओतत कॉफी गाळली. बाबांनी ती दुधाशिवाय चाखली. बोलले काही नाहीत, पण थोड्या वेळाने कप पुन्हा पुढे केला, “अर्धाच दे.” मग दादाने काळ्या बियांची कडक कॉफी चुलीवरच्या छोट्या दाबाच्या भांड्यात केली, तिच्यात गरम दूध आणि साखर घातली आणि आईच्या हातात कप दिला. काल ज्या बीला आम्ही जळकी म्हटले, ती दुधात अशी काही खुलली की आईने जायफळाचा डबा उघडलाच नाही.

तेव्हापासून बाबा आणि दादा दुकानाविषयी गंभीरपणे बोलतात. हिशेब साधा आहे. एस्प्रेसोचे चांगले यंत्र लाखांच्या घरात जाते आणि त्याला वीज अखंड हवी. नरसाळे, कागद आणि किटली काही हजारांत येते. पण आपल्याकडचे गिऱ्हाईक दूध-साखरेचे, त्याला कागदावरची पातळ कॉफी एकदम रुचणार नाही. म्हणून दादाचा विचार असा की, सुरुवात गडद भाजणीच्या ॲरेबिका-रोबस्टा मिश्रणाने दुधाच्या कॉफीवर करावी आणि एका कोपऱ्यात नरसाळे ठेवावे, चाखून पाहणाऱ्यासाठी. दुकान होईल की नाही ते मी आज सांगू शकत नाही. पण माझ्या चुकीमुळे ते बुडाले असे तरी आता कोणी म्हणणार नाही.

वाचकहो, या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकले. त्या दुपारी मी बी चाखली नव्हती, चुकीच्या भांड्यात घालून तिची परीक्षा घेतली होती, आणि नापास तिला केले होते. बारावीच्या निकालानंतर “आर्ट्सलाच जाणार का?” हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी ऐकला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.