सावरीखालची लाल गर्दी

उन्हाळ्याच्या तोंडावर पौड परिसरात ज्यांच्या आवाराला लागून काटेसावर आहे, त्यांना एक पाहुणा चुकत नाही. कुंपणाच्या भिंतीवर, ओट्याच्या कडेला, गाडीच्या चाकांपाशी लाल किड्यांची रीघ लागते. काही एकेकटे, काही शेपटीला शेपटी जोडून चालणारे. मुलं घाबरतात, मोठी माणसं ‘ढेकूण झाले’ म्हणून फवाऱ्याचा डबा शोधू लागतात. डबा उघडण्याआधी किडा नीट पाहिला, तर बराचसा खर्च आणि विष वाचतं.

कपाशीच्या पट्ट्यातला शेतकरी याला लाल ढेकण्या म्हणतो. शास्त्रीय नाव डिस्डर्कस. लांबी साधारण दीड सेंटिमीटर. अंग शेंदरी-लाल, पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका, पंखांचं टोक काळं. डोक्यामागे पांढरी पट्टी असते. काडीने उलटा केला की पोटावर लाल-पांढरे आडवे पट्टे दिसतात. ही खूण पक्की. पिल्लं अशीच लाल, पण बिनपंखांची. पावसाच्या सुरुवातीला दिसणारा मखमली मृगाचा किडा वेगळा. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या नात्यातला. गादीतला ढेकूणही वेगळा. तो चपटा, तपकिरी आणि माणसाच्या रक्तावर जगणारा. लाल ढेकण्याला रक्ताशी देणंघेणं नाही. त्याला हवं असतं बी.

तेही कुठलंही नाही. कपाशी, भेंडी, जास्वंद, काटेसावर या एकाच कुळातल्या झाडांच्या बियांवर त्याचा मुख्य गुजारा चालतो. सावर फुलून गेली की बोंडं धरतात, उन्हाच्या कडाक्यात ती फुटतात आणि कापसाबरोबर काळ्या बिया खाली सांडतात. लाल ढेकण्याची सोंड सुईसारखी. ती बीमध्ये खुपसून तो लाळ सोडतो, आतला गर पातळ करतो आणि शोषून घेतो. सावरीखाली जरा वेळ बसलं, तर एकाच बीभोवती डोकी आत आणि पाठी बाहेर करून बसलेलं पिल्लांचं कोंडाळं दिसतं. सगळ्यांची लाळ एकाच बीवर पडत असल्याने तिचा कठीण गर लहानग्यांनाही जमतो.

मादी अंडी घालते ती ओलसर मातीत, पालापाचोळ्याखाली. साधारण आठवड्याभरात पिल्लं निघतात, पाच वेळा कात टाकतात आणि पाचव्या कातीला पंख घेऊन प्रौढ होतात. जोडी जमली की तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस सुटत नाही. मोठी मादी पुढे चालते आणि नर मागच्या मागे ओढला जातो.

पंख असून हे किडे उडत का नाहीत, असा प्रश्न पडतो. नवा प्रौढ उडू शकतो, नवं झाड शोधायला उडतोही. पण बियांची ददात मिटली आणि अंडी धरायची वेळ आली, की मादीच्या उड्डाणाचे स्नायू चक्क विरघळतात. त्यातली सामग्री अंड्यांच्या कामी येते. म्हणून झाडाखालची पिल्लं आणि अंड्यावर आलेल्या माद्या, दोघंही पायीच निघतात. वाटेत भिंत आली तर भिंत चढतात. घरात शिरण्याचा त्यांचा बेत नसतो, घर फक्त सावरीच्या वाटेत असतं.

सातासमुद्रापारचा जोडीदार

अमेरिकेत शिकागो किंवा मिनियापोलिसकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना असाच अनुभव येतो, पण ऑक्टोबरमध्ये. तिथला बॉक्सएल्डर बग काळपट, पाठीवर लाल रेघा ओढलेला आणि जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा. बॉक्सएल्डर नावाच्या मॅपलच्या बियांवर तो वाढतो. थंडीची चाहूल लागली की उन्हाच्या भिंतींवर जमतो आणि हिवाळा काढायला फटींतून खरोखरच घरात शिरतो. दिसायला आपल्या लाल ढेकण्यासारखा असला, तरी त्याचं कूळ निराळं. त्याचा खरा भाऊबंद आपल्याकडे कोशिंबाच्या बियांवर जगतो. त्याचं नाव लेप्टोकोरिस, तोही लालच. मॅपल, कोशिंब आणि रिठा ही झाडं एकाच कुळातली, त्यामुळे त्यांच्या बियांवर जगणारे किडेही एकमेकांचे सगोत्र. पौडला भिंतीवर लाल किडा दिसला, पण पोटावर पांढरे पट्टे नाहीत आणि शेजारी कोशिंब आहे, तर लेप्टोकोरिसचा संशय घ्यायला हरकत नाही. पुढे दिलेले उपाय मात्र दोघांनाही तेच.

वर्तमानपत्राच्या कागदाची करामत

लाल ढेकण्याच्या कुळाने कीटकशास्त्राला एक नामांकित कोडं घातलं. १९६० च्या दशकात झेक शास्त्रज्ञ कारेल स्लामा या कुळातला युरोपीय किडा घेऊन हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्याकडे आले. प्रागमध्ये बिनतक्रार वाढणारी पिल्लं तिथे प्रौढच होईनात. पाचव्या कातीनंतर ती आणखी मोठी पिल्लं होत आणि तशीच मरत. शोधाशोधीअंती दोष निघाला भांड्यात अंथरलेल्या कागदी टॉवेलचा. मग इतर कागद तपासले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या कागदावर पिल्लं अडली, लंडनच्या ‘टाइम्स’वर आणि ‘नेचर’वर सुखाने वाढली. अमेरिकी कागद ज्या बाल्सम फर झाडापासून होई, त्या झाडात किड्याला पिल्लूच ठेवणाऱ्या बाल-संप्रेरकासारखं रसायन होतं. १९६५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं, १९६६ मध्ये ते रसायन वेगळं काढण्यात आलं आणि त्याला जुवाबिओन नाव मिळालं. त्याचा परिणाम जवळपास याच एका कुळापुरता होता, इतर किड्यांना त्याची बाधा नव्हती.

घरातल्या डब्यातला फवारा असा भेद करत नाही. तो सावरीवर येणाऱ्या मधमाशीला मारतो, कोळ्याला मारतो आणि अँटिलोकसलाही मारतो. अँटिलोकस हाही लालच ढेकूण, त्याच कुळातला. पण तो बिया सोडून लाल ढेकण्यांनाच सोंड खुपसून खातो. म्हणजे फवाऱ्यात पाहुणा आणि त्याचा शिकारी दोघंही जातात. झाडाखाली बियांचा ढीग तसाच राहतो आणि लाल ढेकण्यांची नवी खेप येते.

मग करायचं काय?

बंदोबस्ताची सुरुवात झाडाखाली करावी. पडलेली बोंडं, कापूस आणि बिया दर दोन-तीन दिवसांनी झाडून पोत्यात भराव्यात. भिंतीलगतचा पालापाचोळा काढून माती वरवर उकरावी, म्हणजे अंडी उन्हात सुकतात. भिंतीवरचे किडे सकाळच्या गारव्यात सुस्त असतात. तेव्हा ते झाडूने सुपलीत लोटून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकावेत. भिंतीवर चिरडू नयेत, डाग राहतात. खिडक्यांना जाळी आणि दाराच्या खालच्या फटीला रबरी पट्टी लावली की घराचा प्रश्न बहुतेक मिटतो.

खरी काळजी घ्यायची ती परसात भेंडी असेल तर. कोवळी भेंडी वेळच्या वेळी तोडावी. बियाण्यासाठी मोजकीच फळं झाडावर ठेवावीत आणि तीही जाळीच्या पिशवीत बांधावीत. पिल्लं बादलीत झटकावीत, फारच झाली तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. कपाशीत याचं नुकसान मोठं असतं. सोंडेच्या छिद्रातून बोंडात बुरशी शिरते आणि रुई पिवळट पडून भाव उतरतो. इंग्रज अंमलापासून शेतीखाती या किड्याच्या मागे लागली ती त्यामुळेच.

पौडच्या आवारात मात्र तो हंगामी आहे. सावरीच्या बिया संपल्या की त्याची गर्दी आपोआप ओसरते. त्यापायी सावर तोडण्याचा विचार कुणाच्या मनात आला, तर त्याने हिशेब करावा. एका बाजूला काही आठवडे रोज दहा मिनिटांचा झाडू, दुसऱ्या बाजूला ऐन पानगळीत मैना, हळद्या आणि मधमाश्यांना मध पुरवणारं झाड. या हिशेबात झाडू स्वस्त पडतो.