पाषाणची बंद खोली

भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा कुणी परदेशातून परतला आणि आठवड्याभरात तापानं फणफणला. भंडाऱ्यात निदान होईना, नागपुरातही होईना. अशा वेळी संशय नव्या विषाणूचा असेल, तर नमुना साधारण साडेसातशे किलोमीटरवर, पुण्याच्या 'एनआयव्ही'त, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत पोचतो.

ही संस्था मुळात परक्या मदतीवर उभी राहिली. 1952 साली अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशननं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साथीनं पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं. डास-गोचिडांतून पसरणारे विषाणू शोधणं हे त्याचं काम. पाचच वर्षांत कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापानं पडू लागली, आणि केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तो विषाणू ओळखला. 1967 पासून खर्चाचा सगळा भार परिषदेनं उचलला. मदत घ्यावी तर अशी, की पुढं तिची गरजच उरू नये.

संस्थेच्या पुण्यातल्या पाषाणच्या आवारातली चौथ्या स्तराची जैवसुरक्षा प्रयोगशाळा डिसेंबर 2012 मध्ये सुरू झाली. आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, त्यामुळं दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते. बाहेर सोडायची हवा बारीक गाळण्यांतून जाते, सांडपाणी निर्जंतुक होतं, माणूस अंघोळ केल्याशिवाय बाहेर पडत नाही. एवढा खर्च कशाला, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. दोन वर्षांत पश्चिम आफ्रिकेत इबोला भडकला, अकरा हजारांवर माणसं गेली. भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या निधीला एक कोटी डॉलर देऊ केले. पैसा एका घोषणेत देता येतो. संशयित नमुना निर्धास्तपणे उघडणारे हात मात्र साथ आल्यावर तयार करता येत नाहीत. ते हात आणि ती खोली तेव्हा पुण्यात होती.

30 जानेवारी 2020 ला वुहानहून केरळात परतलेल्या विद्यार्थिनीच्या नमुन्यात कोरोना असल्याचं याच संस्थेनं सांगितलं. मार्चमध्ये इराणात अडकलेल्या भारतीयांच्या तपासणीसाठी परिषदेनं शास्त्रज्ञ आणि साहित्य तिकडं धाडलं. त्यात पुण्याची माणसं होती.

या साखळीची पहिली कडी मात्र आपल्या गावातच आहे. परदेशाहून आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना सगळ्यात आधी प्रवास सांगा: कुठला देश, कोणत्या तारखा. तेवढ्यावरून पुढची तपासणी ठरते.