‘खर्चासह मंजूर’ म्हणजे नक्की किती?

जुन्नर-आंबेगावकडच्या घरांना जमिनीची केस काही नवीन नाही. बांध, वाट, वाटणी, काहीतरी निघतंच. आमच्या काकांचा बांधाचा दावा निकाली निघाला, तेव्हा निकालात एक ओळ होती: ‘दावा खर्चासह मंजूर.’ घरात सगळे खूश. काका म्हणाले, “तू इंजिनिअर ना, मग सांग बरं, किती मिळतील?”

मी एक्सेल उघडलं. वकिलांची फी, एसटीची तिकिटं, तारखेपायी बुडालेले दिवस, सगळं भरलं. मग हुकूमनाम्याची नक्कल हातात आली. शेवटी खर्चाचा तक्ता होता, आणि त्यातली बेरीज माझ्या बेरजेच्या आसपासही नव्हती.

कोर्टाचं चुकलं नव्हतं. माझा फॉर्म्युलाच वेगळा होता.

त्या तक्त्यात ठरलेले रकाने असतात: दाव्यावरचा आणि वकीलपत्रावरचा स्टॅम्प, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, कोर्ट कमिशनरची फी, समन्स बजावणी. यातली वकील फी म्हणजे तुम्ही दिलेली नाही, तर नियमाने ठरलेली. बुडालेल्या दिवसांना रकानाच नाही!

मग हे मोजतं कोण? इंग्लंडमध्ये ‘कॉस्ट्स लॉयर’ हा वेगळा पेशाच आहे. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत ‘टॅक्सिंग मास्टर’ असतो. तो खर्चाचं बिल कलमवार तपासतो. जुन्नर किंवा घोडेगावच्या तालुका कोर्टात असा वेगळा माणूस नसतो. तिथे कर्मचारी फाईलमधल्या कागदांवरून तक्ता भरतात. म्हणजे जे कागदावर नाही, ते बेरजेत नाही.

कायदा काय म्हणतो? दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 चं कलम 35: खर्च कोणी आणि किती द्यायचा, हे कोर्ट ठरवतं. सहसा हरणारा देतो; तसं होणार नसेल तर न्यायाधीशांना कारण लिहावं लागतं. आदेश 20-अ प्रमाणे नोटीस, टायपिंग, रेकॉर्ड पाहण्याची फी, स्वतः आणलेल्या साक्षीदाराचा खर्च, हेही मागता येतं. खोट्या दाव्यासाठी कलम 35-अ आहे, पण त्याची कमाल मर्यादा फक्त 3,000 रुपये.

2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की खर्च वाजवी आणि प्रत्यक्ष झालेला असावा. त्यात वेळ आणि प्रवासही धरावा. पण 2011 मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात हायकोर्टाने दिलेला 45,28,000 रुपयांचा खर्च त्याच सुप्रीम कोर्टाने रद्द केला. कारण? नियम बदलत नाहीत तोवर नियमाइतकाच खर्च. वर 35-अ चे तेवढे 3,000.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, पहिल्या नोटिशीपासून प्रत्येक पावती एका फोल्डरमध्ये ठेवा, मोबाईलमध्ये फोटोही काढा. दोन, निकालाआधीच वकिलांना खर्चाचं पत्रक द्यायला सांगा. तीन, दावा लावण्याआधी तालुका विधी सेवा समितीत विचारा. महिलांना आणि अनुसूचित जमातींच्या लोकांना, म्हणजे आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी बांधवांनाही, मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. आणि चालू दावा लोकअदालतीत मिटला, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

काकांनी माझं एक्सेल पाहिलं आणि म्हणाले, “हे दावा लावायच्या आधी करायला पाहिजे होतं रे.” तुमच्या घरात असा विषय निघाला असेल, तर हा भाग आजच त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!