गुण आणि गरज

वार लावून जेवणारा, माधुकरी मागून शिकणारा विद्यार्थी आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरच्या जुन्या आठवणींत असेल. त्या काळीं निवड अशी नव्हतीच. जो दारांत आला तो जेवला. मात्र दारांत येण्याची मुभा सर्वांस नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. पुढें परीक्षेनें निवड होऊं लागली. संस्कृतासाठींची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति १९१२ सालीं चिंतामणराव देशमुखांस मिळाली. तेथें केवळ गुण पाहिले जात. घरची स्थिति कोणी विचारीत नसे.

गुण आणि गरज हीं दोन्हीं एकत्र पाहणारी केंद्र सरकारची योजना २००८ पासून चालू आहे. आठवीच्या मुलांची परीक्षा होते. बौद्धिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न असतात. पालकांचें वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आंत असावें लागतें. निवड झालेल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. देशांत दरवर्षीं एक लाख शिष्यवृत्त्या आहेत.

बौद्धिक क्षमतेचे प्रश्न मला प्रथम पोरखेळ वाटले. आम्ही रूपें पाठ करून मोठे झालेलों! परंतु ज्या मुलीचें शुद्धलेखन पाहून मी कपाळाला हात लावीत असें, तिनें संख्यामालिका माझ्या आधीं सोडविल्या, तेव्हां माझें मत बदललें. तिचे आईबाप ऊसतोडीला जात. मीं तिचा अर्ज भरविला, प्रवेशपत्रही आलें. परीक्षा बहुधा डिसेंबरांत असते, आणि टोळ्या दिवाळीच्या सुमारासच गांव सोडतात. त्या दिवशीं तिचा बांक रिकामा राहिला. परीक्षा आठवीचीच, पुन्हां संधि नाहीं. अर्ज भरला म्हणजे आपलें काम संपलें, असें मीं समजलों होतों. तिला मागें ठेवावयाचें तर हंगामी वसतिगृहाची किंवा आजीजवळ राहण्याची सोय आश्विनांतच पाहावयास हवी होती. त्यापुढें मीं ती दरवर्षीं पाहूं लागलों.

शहरांतील वाचकांच्याही हातीं कांहीं आहे. आपल्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंचें मूल सातवींत असेल, तर तें कोणत्या शाळेंत जातें एवढें विचारावें. सरकारी, स्थानिक संस्थेच्या व अनुदानित शाळांतील मुलेंच ह्या परीक्षेस बसूं शकतात. विनाअनुदानित शाळांतील नाहीं. सातवींत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाति-जमातींस ५० टक्के. आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला उन्हाळ्याच्या सुटींतच काढून ठेवावा. बाईंस त्यासाठीं एक दिवसाची रजा लागेल, तिचा पगार कापूं नये.