बीडच्या स्लॅबखाली किती अंश?

मे महिन्यात बीडमध्ये रात्री दहा वाजता खुर्चीवर उभं राहून स्लॅबला खालून हात लावून बघा. गच्चीवर दोन-चार बादल्या पाणी मारून झालेलं असतं, बाहेर वारं सुटलेलं असतं, तरी छत नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखं ऊन लागतं. दुपारी तीनचं ऊन काँक्रीटमधून वाट काढत संध्याकाळी खालच्या अंगाला पोचतं आणि पुढे कितीतरी वेळ आपल्या अंगावर उतरत राहतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "लई उकडायलंय, एसी वाढव." वाढव म्हणजे आकडा कमी कर, हे सगळ्यांना बरोबर कळतं. रिमोट हातात असलेला पोरगा २४ चे १८ करून टाकतो.

त्या १८ ने खोली लवकर गार होत नाही. मलाही हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटलं नव्हतं. पण नळ पूर्ण सोडलेला असला की बादली कुठपर्यंत भरायची हे ठरवून धार मोठी होत नाही, तसंच हे आहे. खोली ३५ अंशांवर असते तेव्हा २४ लावा की १८, कॉम्प्रेसर आपल्या पूर्ण ताकदीनेच चालतो. आकडा त्याला फक्त थांबायचं किंवा सावकाश व्हायचं कधी ते सांगतो. तापलेल्या स्लॅबखाली १८ अंश येतच नाहीत, म्हणून तो बिचारा रात्रभर थांबतच नाही.

आता एक साधं त्रैराशिक. बाहेर ४२ अंश, आत २४. फरक १८ अंशांचा. भिंतींतून, खिडक्यांतून, फटींतून आत येणारी उष्णता ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असते. आकडा एकाने वाढवून २५ केला की फरक १७ उरतो, म्हणजे अठरावा भाग कमी झाला: साधारण साडेपाच टक्के. केंद्र सरकारची ऊर्जा दक्षता ब्युरो ही संस्था सांगते की एसीचा एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. प्रत्यक्षात यंत्राच्या गुणांचाही त्यात वाटा असतो, पण तो सरकारी आकडा आपल्या दारातल्या उन्हातून असा कागदावर उतरताना पाहिला तेव्हा मी हरखून गेलो. याच ब्युरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात.

एसीचा 'टन' हाही असाच चकित करणारा. दीड टनाच्या एसीचं वजन दीड टन नसतं हे उघड आहे. तो टन बर्फाचा. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. दीड टनाचा एसी दिवसभर पूर्ण चालला तर जवळजवळ १३६० किलो बर्फ आपल्या झोपायच्या खोलीत वितळवल्यासारखं होतं.

आणि याच्याही पुढची गोष्ट आपल्या ओसरीवरच्या रांजणात आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी उडून जाताना ओढतं. सातपट! रांजणाच्या अंगावर जो ओलसरपणा पाझरतो, तो उडताना आतल्या पाण्यातली ऊब घेऊन जातो. कूलरचं गवत तेच करतं. बीडला मे महिन्याच्या दुपारी हवा ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओल्या गवतातून आलेली हवा २६-२७ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर नुसता चिकचिकाट करतो. आपल्याकडची कोरडी हवा पाण्याला आसुसलेली असते, म्हणून तिच्याकडून इतकं काम करून घेता येतं.

अडचण पाण्याची. दीड टनाच्या एसीइतकी उष्णता कूलरने ओढायची, तर तासाला जवळजवळ आठ लिटर पाणी उडवावं लागतं. टँकरची वाट बघणाऱ्या घरात मे महिन्यात ते आठ लिटर कुणी द्यायचे? म्हणून माणसं म्हणतात, एसी बरा, त्याला पाणी लागत नाही.

त्याला पाणी लागतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही. आपल्याच जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेने जनित्र फिरवायचं आणि ती वाफ पुन्हा गार करायची. गार करण्याचं काम कूलिंग टॉवर करतो. वरून पाणी शिंपडायचं, खालून हवा घ्यायची, थोडं पाणी उडू द्यायचं. म्हणजे तो डोंगराएवढा कूलरच. २०१५ च्या केंद्रीय नियमानुसार अशा जुन्या केंद्रांनी एका युनिट विजेमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी वापरावं अशी मर्यादा आहे. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात तासाला सुमारे दीड युनिट घेतो. गुणाकार करा: पाच लिटरच्या आसपास. आपल्या ग्रीडमधली सगळी वीज परळीची नसते, कोळशाचीही नसते. पण रात्री अकरा वाजता, सूर्य नसताना, तिच्यात कोळशाचा वाटा मोठाच असतो. परळीच्या केंद्राला पाणी येतं ते खडका बंधाऱ्यातून, माजलगाव धरणातून. २०१३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१५ च्या जुलैत ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, कारण पाणीच नव्हतं. माझ्या खोलीतला गारवा माजलगावच्या तळ्याशी असा बांधलेला आहे, हे कळल्यापासून रिमोटवरचा तो आकडा मला वेगळा दिसतो.

मग लावायचा किती? शरीराला विचारू. नुसतं बसलेलं माणूस शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता सतत बाहेर टाकत असतं. ती तीन वाटांनी जाते: आसपासच्या हवेत, समोरच्या भिंती-छताकडे आणि घामावाटे. रात्री दहाला छत तापलेलं असल्यामुळे दुसरी वाट बंद असते, उलट तिकडूनच ऊब येते. म्हणून हवा २४ असूनही उकडल्यासारखं वाटतं. तेव्हा २५ ठेवा आणि छताचा पंखा लावा. कातडीचं तापमान ३४-३५ अंश, हवा २५. फिरती हवा पहिली आणि तिसरी वाट मोकळी करते आणि आणखी दोन-तीन अंश कमी झाल्यासारखं वाटतं. कोरड्या हवेत घाम झटपट उडतो, हा बीडकरांचा हक्काचा फायदा. झोपताना २६, मध्यरात्रीनंतर २७. पहाटे बाहेरची हवाच पंचवीस-सव्विसावर आलेली असते, तेव्हा यंत्र बंद करून खिडकी उघडावी. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर मात्र त्यांच्या अंगाला हात लावून ठरवा, तिथे युनिट मोजू नयेत. आणि स्लॅबवर पांढरा चुना मारा. जुन्या माळवदाच्या हातभर जाड मातीने जे काम केलं, त्यातलं थोडं तरी तो करतो.

बीडजवळ खजाना विहीर आहे, सोळाव्या शतकातली. भर दुपारी तिच्या पायऱ्या उतरून आत गेलं की घाम आपोआप वाळतो. जमिनीच्या पोटात काही मीटर खोल वर्षभराची सरासरी तेवढी मुरलेली असते, उन्हाळा-हिवाळा वरच राहतो. आपल्या भागात ही सरासरी सव्वीस-सत्तावीसच्या घरातली. रिमोटवर जो आकडा हिशेब करून येतो, तोच पायांखाली आधीपासून होता.

माझ्या एसीची पाण्याची नळी मागच्या अंगणात एका बादलीत सोडलेली आहे. मे महिन्यात रात्रभर एसी चालला तरी बादलीचा तळ जेमतेम ओला होतो. हवेत पाणीच नसतं. मग जूनच्या सुरुवातीला एखाद्या सकाळी बादली अर्धी भरलेली दिसते. आकाशात ढग नाही, कुठे विजेची रेघ नाही, कूलर मात्र अचानक निकामी झाल्यासारखा, अंग चिकट. अरबी समुद्रावरून निघालेलं बाष्प बालाघाटाचे डोंगर ओलांडून आलेलं असतं आणि आमच्या परसात सगळ्यात आधी त्या नळीतून ठिबकू लागतं. ते पाणी मी तुळशीला घालतो.