गच्चीवरून थेट अंतराळात

दर हिवाळ्यात महाबळेश्वरची एक बातमी ठरलेली असते : वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले. नवल असं, की त्या पहाटे हवेचं तापमान सहसा शून्याच्या बरंच वर असतं. मग गवताच्या पात्यावर, गाडीच्या टपावर बर्फ आला कुठून? तो हवेने केलेला नसतो. पात्याने रात्रभर आपली उष्णता मोकळ्या आभाळाकडे पाठवलेली असते, आणि पाठवता पाठवता ते भोवतालच्या हवेहूनही गार होऊन बसतं.

आपल्या घराचं छप्परही हेच करतं, रोज, न थांबता. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते. तीस अंशांवर असलेल्या स्लॅबचा एक चौरस मीटरचा तुकडा चारशेहून जास्त वॅट इतकी उष्णता वर सोडतो. त्यातली बरीचशी हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात, आणि ते स्वतःही खाली उष्णता सोडत राहतात. पण साधारण ८ ते १३ मायक्रोमीटर लांबीच्या लहरींना कोरडी हवा जवळपास अडवतच नाही. शास्त्रज्ञ या पट्ट्याला वातावरणाची खिडकी म्हणतात, आणि तिच्यापलीकडे उणे २७० अंशांचं अंतराळ आहे. लातूरच्या एखाद्या गच्चीवरून निघून या खिडकीतून सुटलेला किरण सव्वा सेकंदात चंद्राइतका दूर गेलेला असतो. ना तार, ना मीटर, ना बिल. मला तरी याहून अद्भुत काही घराच्या बांधकामात माहीत नाही.

जुन्या लोकांनी हे ज्ञान वापरलंही होतं. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडच्या बर्फाची हकिगत लिहिली आहे. उघड्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, तळाशी वाळलेल्या उसाच्या चिपाडांचा जाड थर द्यायचा, म्हणजे जमिनीची ऊब वर येत नाही. त्यावर मातीच्या उथळ थाळ्यांत उकळून गार केलेलं पाणी भरून ठेवायचं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की सूर्योदयाआधी मजूर थाळ्यांतला बर्फ गोळा करायला यायचे. हा बर्फ उन्हाळ्यासाठी साठवून ठेवला जाई.

मग शेवटच्या मजल्यावरचं घर एप्रिलमध्ये भट्टी का होतं? कारण दिवसा सूर्य या वाटेने जाणाऱ्या उष्णतेच्या कितीतरी पट ओततो. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट ऊन पडतं. दहा बाय दहाच्या खोलीवरची गच्ची म्हणजे नऊ चौरस मीटरहून थोडी जास्त, म्हणजे नऊ किलोवॅट. राखाडी काँक्रीट त्यातला दोन तृतीयांश भाग गिळतं. वारा त्यातला बराच उडवून नेतो हे खरं, पण उरलेली उष्णता स्लॅबमध्ये मुरते आणि काही तासांनी खालच्या अंगाला पोचते. म्हणून ऊन उतरल्यावरही छताला हात लावला तर ते गरम लागतं, आणि पंखा लावला की तो गरम हवाच फेकतो. एक टनाचा एसी खोलीतून साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. वरून अखंड भर पडत असताना त्याचा कॉम्प्रेसर बंद पडायला सवडच मिळत नाही.

छपराने ऊन आत घेऊच नये आणि स्वतःची उष्णता मात्र आभाळाकडे सोडत राहावी, असं झालं तर? स्टॅनफर्ड विद्यापीठात अश्वथ रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. उन्हाचा ९७ टक्के भाग परतवणारा, नॅनोमीटरच्या मापातल्या सात थरांचा आरसा त्यांनी गच्चीवर ठेवला. भर उन्हात, विजेविना, तो भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे पाच अंशांनी थंड राहिला. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये हे संशोधन छापून आलं.

असा आरसा आपल्याला परवडणारा नाही, पण त्याचा गरीब भाऊ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो : चुना. ताजी सफेदी बहुतांश ऊन परतवते आणि अवरक्त किरण मात्र काँक्रीटइतक्याच सहज सोडते. दोन्ही गुण एकाच पदार्थात! पत्र्याचं तसं नाही. नवा जस्ताचा पत्रा लखलखतो, ऊनही बऱ्यापैकी परतवतो, तरी हात भाजतो. कारण चकचकीत धातू आपली उष्णता किरणांवाटे फारशी सोडत नाही. जी शोषली ती धरून बसतो. त्यावर पांढरा रंग दिला, की हा दोष जातो.

मराठवाड्यातली माळवदं दुसऱ्या वाटेने गेली : मातीचा जाड थर द्यायचा, म्हणजे दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरातली माणसं अंगणात किंवा माळवदावरच झोपायला गेलेली असतात. ते शहाणपण फ्लॅटमध्ये चालणार नाही. स्लॅबवर रोज पाणी मारणंही मला पटत नाही, विशेषतः जिथे ते पाणी टँकरने येतं तिथे.

कोकणातल्या दमट हवेत वाफ ती खिडकी बरीचशी बुजवते, त्यामुळे रात्रीचा फायदा तिथे कमी. ऊन परतवण्याचा फायदा मात्र सगळीकडे. तेव्हा होळीच्या सुमारास, ऊन चढण्याआधी, गच्ची झाडून धुऊन घ्या, भेगा बुजवा, आणि भिजवून निवलेल्या चुन्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात मारा. चुना भिजवताना उकळतो आणि डोळ्यांत गेला तर इजा करतो, तेवढी काळजी घ्या. सफेदीवर धूळ बसली की तिचा गुण उतरतो, म्हणून मधूनमधून झाडू फिरवा. पावसाळ्यात चुना बराच धुऊन जाईल. पुढच्या वर्षी पुन्हा द्या. आणि सोसायटीची गच्ची असेल, तर हा विषय येत्या बैठकीत मांडाच.