एका नकाशाचे दोन धनी

घर हे घरमालकाच्या स्वभावावर बेतलेले असावे, ही अपेक्षा वास्तुकलेच्या चर्चेत इतकी गृहीत धरली जाते, की जे घर एका गृहस्थासाठी आखले गेले, दुसऱ्याने घेतले आणि मूळ योजनेत नसलेल्या जागेवर बांधून पुरे झाले, त्याची गणना विसाव्या शतकातील श्रेष्ठ निवासवास्तूंत व्हावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिकच वाटते. अहमदाबादेत साबरमतीच्या पश्चिमेस, एलिसब्रिजच्या भागात असलेले शोधन यांचे घर या प्रकारचे आहे.

चंडीगढच्या कामानिमित्त 1951 साली हिंदुस्थानात आलेला वास्तुतज्ज्ञ ल कॉर्ब्युझिए त्याच वर्षी मार्च महिन्यात अहमदाबादेस पोहोचला. ते शहर तेव्हा मुंबई राज्यात मोडत असे. गिरण्यांच्या उत्पन्नावर गबर झालेले तेथील जैन व वैष्णव धनिक देवळे आणि धर्मशाळा यांच्या जोडीला आता नव्या विद्या व नव्या कला यांनाही उदार आश्रय देऊ लागले होते. महानगरपालिकेचे संग्रहालय, गिरणीमालक संघाची इमारत आणि काही खाजगी घरे अशी कामे त्याच्या हवाली झाली. यांपैकी महापौर चिनुभाई चिमणभाई यांचे घर कागदावरच राहिले. गिरणीमालक संघाचे पदाधिकारी सुरोत्तम हठीसिंग हे अविवाहित होते, आणि त्यांना आपल्या इतमामास साजेसे, पाहुण्यांची ऊठबस करण्यास ऐसपैस घर हवे होते. नकाशे सिद्ध झाले. परंतु बांधकाम सुरू होण्यापूर्वीच हठीसिंग यांनी ते श्यामुभाई शोधन यांना विकले. शोधन यांनी आपल्या मालकीच्या निराळ्या भूखंडावर त्याच नकाशाबरहुकूम घर उठवण्याचा आग्रह धरला, आणि 1956 साली ते पुरे झाले.

धनी बदलला, जमीन बदलली, तरी घर बिघडले नाही. कारण ज्या गोष्टीसाठी ते मुख्यतः आखले होते ती बदलण्याजोगी नव्हतीच. अहमदाबाद कर्कवृत्ताच्या अगदी लगत असल्याने ऐन उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो, आणि घराच्या सर्व अंगांपैकी छप्परच अधिक तापते. म्हणून कॉर्ब्युझिएने राहत्या खोल्यांच्या वर, त्यांना न टेकणारे, खांबांवर तोललेले काँक्रीटचे एक स्वतंत्र सपाट छत घातले. एखाद्याने घरावर छत्री धरावी तसे ते तापते स्वतः आणि सावली देते खाली. मधल्या मोकळ्या थरातून वारा वाहता राहतो. भिंतींच्या बाबतीतही हीच तजवीज आहे. उन्हाच्या बाजूस खिडक्यांपुढे काँक्रीटच्या उभ्याआडव्या पट्ट्यांची खोल जाळी उभी केली असून, उंचावरचे उन्हाळी ऊन तीत अडते, आणि हिवाळ्यात खाली उतरलेले कोवळे ऊन मात्र आत शिरकाव करू शकते.

या छताखाली खोल्या चळतीसारख्या एकावर एक न रचता वेगवेगळ्या उंचीवर बसवलेल्या असून, त्यांच्यामध्ये दोन-दोन, तीन-तीन मजल्यांइतक्या उंच मोकळ्या गच्च्या सोडल्या आहेत. रात्री उघड्यावर झोपण्याची जी वहिवाट गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिला या गच्च्यांत आपोआप स्थान मिळाले. तळमजल्यावरून वर जाण्यास चढणीचा लांबट मार्ग आहे, आणि नोकरचाकर व स्वयंपाक यांची व्यवस्था एका बाजूस बसक्या, एकमजली भागात केलेली आहे. पॅरिसजवळच्या प्वासी गावी 1931 साली पुऱ्या झालेल्या, आपणच आखलेल्या घराचीच ही सूर्यप्रदेशातील आवृत्ती आहे, असे खुद्द कर्त्याचेही मत होते. मात्र तेथील गुळगुळीत पांढरा गिलावा येथे नाही. सेंटरिंगच्या फळ्यांचे सांधे आणि लाकडाच्या रेषा काँक्रीटवर जशाच्या तशा राहू दिल्या आहेत.

हे काम जागेवर उतरवून घेण्याची जबाबदारी आधी झां-लुई वेरे या तरुण फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने आणि मागाहून बाळकृष्ण दोशी यांनी वाहिली. पुण्यात 1927 साली, लाकडी सामान घडवणाऱ्या कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले दोशी 1951 पासून कॉर्ब्युझिएच्या पॅरिसच्या कचेरीत होते. तेथे ज्या रेषा ओढण्यात त्यांचा हात होता, त्याच अहमदाबादेत गवंड्यांकडून वास्तवात आणवून घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला.

याच शहरात शाहीबागेत मनोरमा साराभाई यांच्यासाठी कॉर्ब्युझिएने याच सुमारास बांधलेले घर पाहिले, म्हणजे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे कशी असू शकतात ते ध्यानात येते. विटांच्या समांतर कमानदार छपरांचे ते घर जमिनीलगत पसरले आहे. छपरावर माती व हिरवळ घालून त्याने ऊन परतवले, आणि मुलांसाठी वरून थेट हौदात उतरणारी घसरगुंडीही ठेवली. ते त्या कुटुंबाचे आणि त्या बागेचे घर आहे. दुसरीकडे उचलून नेता येणार नाही. शोधन यांचे घर मात्र स्वभावतःच अधिक ताठ आहे, आणि हाच त्याचा दोषही म्हणता येईल. कारण ते आपल्या रहिवाशांना आकाशाशी जुळवून घ्यायला शिकवते, स्वतः त्यांच्या लहानसहान सवयींशी जुळवून घेत नाही.

युनेस्कोने 2016 साली कॉर्ब्युझिएच्या 17 कृती जागतिक वारसा म्हणून घोषित केल्या, तेव्हा हिंदुस्थानातून चंडीगढच्या कॅपिटॉल संकुलाचाच समावेश झाला. अहमदाबादच्या चारही इमारती यादीबाहेर राहिल्या. परंतु वारशाचा हिशेब याद्यांवर संपत नाही. 1980 च्या सुमारास दोशी यांनी अहमदाबादेत ‘संगथ’ ही आपली कार्यशाळा बांधली, तेव्हा गुरूच्या अधांतरी छताची त्यांनी नक्कल केली नाही: खोल्या अर्ध्या जमिनीत उतरवल्या, वर गोलाकार छपरे घातली आणि ती फुटक्या चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांनी मढवून ऊन परावर्तित केले. उत्तर सर्वस्वी त्यांचे होते; प्रश्न मात्र शोधन यांच्या बांधकामावर उभे राहून जो ते शिकले तोच होता. नकाशा विकत घेता येतो, हे शोधन यांनी दाखवले. त्यामागचा विचार ज्याचा त्याला पुन्हा करावा लागतो, हे त्यांच्याच घरावर देखरेख करणाऱ्या या पुणेकराने दाखवले.